लहान आर्किटेक्ट ऑफिसनं आपल्या भागासाठी काय करावं? आधी नकाशा वाचून दाखवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ऐरोलीत आमचं तीन जणांचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे, चार वर्षं झाली. घरांची इंटिरिअर, दुकानं, अधूनमधून एखादा बंगला, असं काम चालतं. ज्या भागात राहतो त्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं, पण मोठ्या ऑफिसांसारखा पैसा नाही, माणसं नाहीत. फुकट डिझाइन द्यावं का? एखादा चौक किंवा बाग सुशोभित करायला घ्यावी का? सुरुवात कुठून करावी?’

फुकट डिझाइन देऊ नका आणि चौक तर अजिबात घेऊ नका. दोन्ही करून बसलोय म्हणून सांगतो. ठाण्याच्या नौपाड्यात एका फरसाणाच्या दुकानावर माझं ऑफिस आहे, बावीस वर्षं झाली. सध्या आम्ही चौघं आहोत, सहाच्या वर कधी गेलो नाही. सुरुवातीच्या उत्साहात आम्हीही एक चौक करून दिला होता. कारंजं, दिवे, बसायला कट्टा. उद्घाटनाला बँड होता. पहिल्याच पावसाळ्यात पंप बंद पडला, तो दुरुस्त करणं कुणाच्या खात्यात येतं हे शेवटपर्यंत ठरलं नाही, आणि आता त्या कट्ट्याचा उपयोग वाढदिवसाचे फ्लेक्स बांधायला होतो. देखभाल कोण करणार हे ज्या कामात आधी लिहून मिळत नाही, ते काम लहान ऑफिसनं घेऊ नये.

मग आपल्याकडे द्यायला आहे काय? एक गोष्ट आहे, जी शेजारच्या डॉक्टरकडे नाही, वकिलाकडे नाही, सीएकडे नाही. आपल्याला नकाशा वाचता येतो. कागदावरची खोली बघून आपल्याला कळतं की इथे कपाटाचं दार उघडणार नाही. बाकीच्यांना ते घर उभं राहिल्यावर कळतं. ठाण्यात काय किंवा तुमच्या ऐरोली-वाशीत काय, आज हजारो कुटुंबं अशा कागदांवर सह्या करतायत जे त्यांना वाचता येत नाहीत. मी मुख्यतः पुनर्विकासाबद्दल बोलतोय.

कागदोपत्री क्रम छान आहे. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात (सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालचा) सगळं पायरीपायरीनं लिहिलंय. सोसायटीनं आधी सभा घ्यायची, मग आर्किटेक्ट किंवा प्रकल्प सल्लागार नेमायचा, त्यानं व्यवहार्यता अहवाल द्यायचा, मग निविदा, मग निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विकासकाची निवड. प्रत्यक्षात काय होतं? पेढ्यांचा बॉक्स आधी येतो. कमिटीतल्या कुणाच्या तरी ओळखीनं एक विकासक येतो, गुळगुळीत कागदावर छापलेलं ऑफर लेटर ठेवतो, आणि मग त्याला शोभेल असा सल्लागार शोधला जातो. तुम्ही उपयोगी पडायचं ते पेढे आणि सही यांच्या मधल्या काळात.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. पाचपाखाडीत तळमजला अधिक तीन मजल्यांची, सोळा घरांची, ऐंशीच्या दशकातली इमारत. विकासकाची ऑफर होती ‘सध्याच्या कार्पेटवर (म्हणजे घरातल्या वापरायच्या क्षेत्रावर) ३० टक्के जादा’. सगळे खूश. सेक्रेटरी माझ्याकडे फक्त एवढंच विचारायला आले होते की ‘तीस चांगले की पस्तीस मागावेत?’ मी विचारलं, कशाच्या तीस? सध्याचं कार्पेट म्हणजे कुठलं? करारनाम्यातलं की जागेवर मोजलेलं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचं गोत्र विचारलं.

तळमजल्यावरच्या काकूंच्या करारात ४२० चौरस फूट लिहिलं होतं. एका रविवारी आम्ही दोन विद्यार्थी आणि एक लेझर मीटर घेऊन सोळाच्या सोळा घरं मोजली (अकरा घरांत चहा झाला). काकूंचं घर भरलं ३८५. आता हिशोब बघा. ४२० वर तीस टक्के म्हणजे ५४६. ३८५ वर तीस टक्के म्हणजे ५००.५. फरक साडेपंचेचाळीस चौरस फुटांचा, आणि काकूंचं स्वयंपाकघर आहे साडेसहा बाय सात. म्हणजे बरोब्बर साडेपंचेचाळीस. एका न लिहिलेल्या शब्दात त्यांचं सबंध स्वयंपाकघर अडकलं होतं. वर नवं क्षेत्र रेराच्या (स्थावर मालमत्ता कायद्याच्या) व्याख्येनं देणार की आणखी कशानं, हेही पत्रात नव्हतं. रेराच्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. पत्रात नुसतं ‘एकूण क्षेत्र’ लिहिलं की बाल्कनी हळूच आत येऊन बसते.

आकडे सांगून झाले तरी लोकांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा आमच्याकडच्या एका मुलीनं सुचवलं की गच्चीवर काढून दाखवू या. पुढच्या शनिवारी संध्याकाळी कपड्यांच्या दोऱ्या सोडून, झाडून, गच्चीवर रांगोळीनं विकासकाच्या नकाशातला नमुना फ्लॅट काढला. खऱ्या मापात. भिंती दुहेरी रेघांनी, दारांचे कमानीसारखे वळसे, पलंगाच्या जागी सतरंजी. आणि मग सगळी सोसायटी त्या घरात शिरली. काकू थेट स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या, ओट्याकडे तोंड केलं, वळल्या आणि म्हणाल्या, ‘फ्रिज कुठेय?’ फ्रिज नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा बेडरूममधून संडासाकडे निघाले आणि वाटेत थांबले, कारण दार उघडल्यावर ते वॉकरला आडवं येत होतं. कुणाच्या तरी लक्षात आलं की देवघर ठेवायचं तर एकच भिंत उरते, तीही संडासाला लागून. अर्ध्या तासात सोळा कुटुंबांनी जेवढे मुद्दे काढले तेवढे मला ऑफिसात बसून सुचले नसते. पुढे त्यांनी ते सगळे पत्रात घातले, आणि सुधारित ऑफरमध्ये मूळ आकडा करारातला धरला गेला. खर्च किती आला? दोन किलो रांगोळी.

हे तुमच्या तीन जणांच्या ऑफिसला जमेल की नाही? उद्या जमेल. मोठ्या ऑफिसला मात्र जमणार नाही, कारण त्यांच्याकडे अशा कामाला पाठवायला माणूसच नसतो. त्यांचा एक तास सोळा घरांच्या सोसायटीला परवडत नाही.

आता पैशाचं. हे काम फुकट करू नका, पण फी इतकी ठेवा की कमिटीला सर्वसाधारण सभा न बोलावता देता येईल. आम्ही ऑफर वाचून दोन पानी मराठी टिपण देण्याचे ठोक अडीच हजार घेतो आणि मोजणीचे घरटी तीनशे. फुकट दिलं की दोन गोष्टी होतात. सल्ल्याला किंमत राहत नाही, सभेत कुणीही उठून म्हणतो ‘त्यांनी काय, सहज सांगितलं’. आणि दुसरं म्हणजे, तुम्ही पैसे घेतले नाहीत म्हणून तुमची जबाबदारी कमी होत नाही. कागदावर तुमचं नाव आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक आहे, तो फुकटातही तेवढाच खरा.

फुकटाचा धडा मला एका रॅम्पनं दिला, आणि त्यात चूक माझीच होती.

विष्णुनगरातली सोसायटी, ओळखीची. प्रवेशाला तीन पायऱ्या. एक आजी वॉकरवर आल्या होत्या, त्यांना घरातून खाली आणणं म्हणजे दोन माणसांचं काम. चेअरमननी फोन केला, ‘साहेब, पायऱ्यांवर एक रॅम्प टाकायचाय, जरा स्केच पाठवा ना.’ मी फोटोवर बोटानं रेघ मारून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, खाली लिहिलं ‘उतार सौम्य ठेवा’. जागेवर गेलो नाही. चार दिवसांनी गेलो तेव्हा काँक्रीट सुकलं होतं. ठेकेदाराच्या दृष्टीनं त्यानं सौम्यच ठेवला होता. सहा फुटांत दीड फूट चढ, आणि वर चकाचक पॉलिश ग्रॅनाइट. त्यावरून वॉकर वर जात नव्हता, आणि खाली येताना थांबत नव्हता. पावसाळ्यात तर मुलं त्यावर घसरगुंडी खेळायला लागली.

गणित साधं आहे, पण ते जागेवर उभं राहून सांगावं लागतं. एकास बारा हा उतार धरला तर दीड फूट चढायला अठरा फूट लांबी लागते. एवढी लांबी गेटपासून सरळ कुठल्याच जुन्या सोसायटीत मिळत नाही. म्हणून रॅम्प वळवावा लागतो. इथे नऊ फूट सरळ, मग वळायला पाच फुटांची सपाट जागा, मग भिंतीलगत पुन्हा नऊ फूट. दोन्ही बाजूंना कठडा, वर खरखरीत फरशी. पण त्या भिंतीलगत दोन स्कूटर लागायच्या आणि त्यातली एक सेक्रेटरींची होती. डिझाइनला माझा एक तास गेला, स्कूटर हलवायला सव्वा महिना. तो सव्वा महिना हेच खरं काम. तो पहिला रॅम्प फोडायचा खर्च मी दिला. सोसायटीनं मागितला नव्हता, पण मला झोप लागेना.

तेव्हापासून आमच्या ऑफिसात नियम आहे की जागेवर गेल्याशिवाय रेघ मारायची नाही, भाच्याच्या घरासाठीसुद्धा.

जुन्या इमारतींच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. पोपडे पडले, सळया दिसायला लागल्या की लोक आपल्यालाच विचारतात, ‘इमारत किती वर्षं टिकेल?’ त्याचं उत्तर देऊ नका. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम आहे, आणि तेही नुसतं बघून नाही, चाचण्या करून. आपलं काम भाषांतराचं. तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, त्यातून सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी होते, आणि सी-२ए शब्द दिसला की अर्ध्या लोकांना वाटतं आता इमारत पाडणार. तसं नाही. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तत्काळ रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. हे एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून जिन्याखाली नोटीस बोर्डावर लावलं तरी अफवा निम्म्या होतात. आणि लोकांना हेही सांगा की गच्चीवर कोब्यावर कोबा चढवत जाणं ही दुरुस्ती नव्हे, ते जुन्या स्लॅबवर टाकलेलं जादा ओझं आहे. सळीला गंज चढतो तो पाण्यानं, गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीट फोडते. पाणी कुठून येतंय हे आधी शोधायचं. बहुतेक वेळा ते वरच्या न्हाणीघरातून येत असतं आणि वरचे व खालचे एकमेकांशी बोलत नसतात.

शहराच्या विकास आराखड्याचंही तसंच. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम २६ प्रमाणे हरकती-सूचना मागवतात, ठरावीक दिवसांची मुदत असते, आणि नकाशे असे असतात की आपल्यालाही भिंग घ्यावं लागतं. तुमच्या प्रभागाचा एक तुकडा मोठा छापून घ्या, शाळेच्या नाहीतर मंडळाच्या हॉलमध्ये लावा आणि लोकांना फक्त एवढं शोधून द्या की ‘तुमचं घर इथे, आणि त्याच्याशेजारी हे आरक्षण (रस्ता, शाळा, बाग अशा कामासाठी राखलेली जागा) आहे’. तुमच्याकडे ऐरोली-दिव्याच्या गावठाणांत आणि कोळीवाड्यात तर याची जास्तच गरज आहे. आपलं मत मात्र खिशात ठेवा. हरकत त्यांची, अक्षर त्यांचं, तुम्ही सर्व्हे नंबर बरोबर आहे ना ते बघा.

नवी मुंबईत तुम्हाला एक वेगळी संधी आहे, ती आम्हाला ठाण्यात फारशी नाही. सिडकोच्या काळातली लहान घरं. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात घरं मुद्दाम वाढवता येतील अशी केली होती. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, साधारण सात घरांत एक अंगण. लोकांनी ती वाढवलीच, कुणी छान, कुणी अंगणातला उजेड खाऊन. अशा घरमालकाला पूर्ण आर्किटेक्टची फी जड जाते म्हणून तो थेट ठेकेदार गाठतो, आणि पहिला बळी जातो शेजाऱ्याच्या खिडकीचा. एक मजला वाढवताना जिना कुठे, पाणी कुठे उतरणार, शेजाऱ्याला हवा कशी राहणार आणि परवानगी कुठली लागेल, एवढ्या चार प्रश्नांची एक बैठक ठेवा, ठरावीक फीत. एका ओळीत चार घरांनी हे ऐकलं तर सबंध गल्ली सुधारते. चौकाच्या कारंज्यापेक्षा मला हे मोठं काम वाटतं.

आता नाजूक भाग. ज्या सोसायटीला सल्ला दिला त्या इमारतीचं विकासकाकडचं काम घ्यायचं नाही. कमिशन, भेटी घेऊ नका आणि दुसऱ्या आर्किटेक्टच्या हातचं काम ओढू नका, हे आर्किटेक्टांसाठीच्या १९८९ च्या व्यावसायिक आचारनियमांत आहेच. पण मी सांगतोय तो त्याच्याही पुढचा, स्वतःवर घातलेला निर्बंध आहे, आणि तो आम्ही पहिल्याच बैठकीत सोसायटीच्या मिनिट्स बुकात लिहून घेतो. पाचपाखाडीच्या त्या इमारतीचं पुढे ठरलं तेव्हा विकासकाकडून मला फोन आला, आतले सगळे नकाशे तुम्हीच करा म्हणून. आमच्या दोन वर्षांच्या ऑफिस भाड्याएवढं काम होतं. नाही म्हटलं. घरी आठवडाभर शांतता होती, पण चांगली शांतता नव्हे. त्याचा फायदा झाला तो असा की त्यानंतरच्या सोसायट्या आमच्याकडे कागद उघडपणे ठेवायला लागल्या.

आणखी एक, जे समाजकार्यात कुणी मोजत नाही. तुमच्याकडे कॉलेजातून प्रॅक्टिकल ट्रेनिंगला मुलं येतील. त्यांना विद्यावेतन द्या. कळव्या-मुंब्र्यातून, घणसोलीतून लोकलनं येणाऱ्या मुलाला सहा महिने फुकट राबवायचं आणि रविवारी महापालिकेच्या शाळेत भिंती रंगवायला न्यायचं, हे मला पटत नाही. आपल्या भागातला पहिला माणूस तो आहे.

शाळेचं निघालंच म्हणून. एका पालिका शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाचं नूतनीकरण बघायला मला बोलावलं होतं. टाइल्स नव्या, नळ नवे, सगळं झकास. सातवीतल्या मुलींना विचारलं, अजून काय हवं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं सांगितलं, ‘सर, आतून कडी लागत नाही, आणि दप्तर ठेवायला जागा नाही. दप्तर ओल्या फरशीवर ठेवावं लागतं.’ कडी, एक हूक आणि हातभर रुंदीची कडाप्प्याची फळी. मुख्याध्यापिका बाईंच्या पत्रावर परवानगी मिळाली आणि आमच्या नेहमीच्या सुतारानं अर्ध्या दिवसात बसवलं. झकास टाइल्स निवडणाऱ्यानं तो प्रश्न विचारला नव्हता. मीही त्या दिवशी केवळ ऊन उतरायची वाट बघत थांबलो होतो म्हणून विचारला.

वेळेचं गणित तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच सगळ्यात आधी मोडतं. आम्ही महिन्याला सोळा तास ठेवतो. शनिवारी संध्याकाळी पाच ते सात असे दोन-दोन तास, चार शनिवार, दोन माणसं. त्यापुढचं पुढच्या महिन्यात. ज्या वर्षी हे बंधन पाळलं नाही त्या वर्षी दोन ग्राहकांचे नकाशे उशिरा गेले आणि एका मुलीनं नोकरी सोडली. दारावर पाटी लावलेली नाही. जिन्यात भेटलेली माणसंच पुढच्यांना सांगतात.

सुरुवात कुठून, तर तुमचं ऑफिस ज्या इमारतीत आहे तिथूनच. सेक्रेटरींना विचारा की इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र सोसायटीकडे आहे का. बहुधा ‘असेल कुठेतरी’ असं उत्तर येईल. नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज सेक्रेटरींच्या स्वतःच्या नावानं लिहून द्या, नकाशाची प्रत मिळवा, आणि एखाद्या रविवारी इमारत मोजून त्या नकाशाशी ताडून बघा. टेप पोलादी घ्या, कापडी टेप ओढली की वाढते.